ऑपेरातील कंठ

ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक. भर वाद्यवृंदातून, ध्वनिवर्धकावाचून, स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावयाचा! तेथे कंठावरून भूमिका ठरते. सर्वांत उंच स्त्रीकंठ सोप्रानो, तो बहुधा नायिकेचा. त्याखालचा मेझो-सोप्रानो, त्याच्या वाट्याला आई, दाई वा प्रतिस्पर्धिनी. ‘कार्मेन’सारखी नायिका मेझोला क्वचितच लाभते.

१९६० साली मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयात शिकल्या. त्यांच्याबाबतीत मात्र कंठ आधी, रचना मागून! जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्यासाठी ३० हून अधिक रचना केल्या. १९९२ मध्ये ‘मेरी ऑफ इजिप्त’ची नायिका त्याच होत्या.

२००९ साली त्यांनी भारतात येऊन तरुण गायकांना शिकविण्यास आरंभ केला. कंठ येथे जन्मतो. त्याची मशागतही येथेच व्हावयास हवी.