बर्फावरचे इंजिन आणि त्याची निगा

हिवाळ्यात गुलमर्गला गेलेल्या श्रोत्यांनी बर्फावरून धावणारे ते ठेंगणे वाहन पाहिलेच असेल. पुढे सुकाणूला जोडलेल्या दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्याच्या साखळीची आठवण करून देणारा रुंद रबरी ट्रॅक, आणि या दोहोंच्या मध्ये इंजिन व बैठक, असा त्याचा थाट असतो. आपल्याकडे कोणी त्याला स्नो-स्कूटर म्हणतात, कोणी स्नो-बाइक. कॅनडात व अमेरिकेत त्याचे रूढ नाव स्नोमोबाइल असे आहे. आपण तिच्यावर बसतो ते घटकाभर मौज म्हणून. परंतु जेथे चार-पाच महिने रस्ता बर्फाखाली गडप होतो, तेथे हेच वाहन घर आणि दवाखाना यांच्यामधला दुवा असते, आणि ते वाटेत बंद पडणे ही थट्टेची गोष्ट नसते.

क्वेबेक प्रांतातील व्हालकूर या गावी जोझेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक यंत्रज्ञ राहत असे. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्याचे प्रयोग पूर्वीपासूनच चालले होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बंद होते, रुग्णालय दूर होते, मूल दगावले. पुढे १९३७ च्या सुमारास त्याने सात माणसांना नेणारी गाडी बाजारात आणली, आणि १९५९ साली एकदोघांना पुरेल अशी हलकी ‘स्की-डू’. गंमत अशी की, या पहिल्या स्की-डूचे सुमारे ७ अश्वशक्तीचे इंजिन फोर-स्ट्रोकच होते. थोड्याच वर्षांत त्याची जागा टू-स्ट्रोक इंजिनाने घेतली, आणि पुढची चाळीस वर्षे बर्फावर त्याचेच राज्य राहिले.

त्याचे कारण उघड आहे. टू-स्ट्रोक इंजिन वजनाला हलके, त्यात व्हॉल्व्हची यंत्रणा नाही, आणि वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जळून जाते. पेट्रोलपंपावर स्कूटरच्या टाकीत टू-टी ऑइल घालून घेतल्याचे ज्यांना आठवते, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. दोषही तोच. जुन्या धर्तीच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा न जळताच धुराड्यावाटे निघून जात असे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम प्रवेशद्वारावर हिवाळ्यात या गाड्यांची एवढी रीघ लागे की, तिकीटघरात बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी पंपाने ताजी हवा आत सोडावी लागली. २००४ च्या सुमारास तेथे स्वच्छ व कमी आवाजाच्या गाड्यांचाच आग्रह धरला जाऊ लागला, आणि त्या कसोटीला उतरणाऱ्या गाड्या बहुतांशी फोर-स्ट्रोक होत्या. त्याच सुमारास, २००३ चा नमुना म्हणून, यामाहाने मोटारसायकलच्या चार सिलिंडरी इंजिनावरून बेतलेली ‘आरएक्स-१’ ही गाडी आणली. फोर-स्ट्रोक म्हणजे जड आणि मंद, हा समज तिने पुष्कळसा पुसून टाकला.

पण यामुळे देखभाल कमी झाली, असे जे सर्रास सांगितले जाते ते मला मान्य नाही. देखभाल कमी झाली नाही, तिची जागा बदलली. लहान टू-स्ट्रोक गाडी रानात रुसली, तर प्लग बदलून, दोरी ओढून ती पुन्हा चालू करता येई. मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्यांपैकी पुष्कळांना ही दोरीच नसते. बॅटरी गेली की माणूस पायी झाला. आणि शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा की, उणे १८ अंशांला तिची शक्ती निम्म्याच्या आसपास येते. पूर्ण भरलेली असेल तर तिच्यातील द्रव उणे ५० अंशांखालीही गोठत नाही. रिकामी असेल तर उणे १० अंशांच्या आसपासच गोठून तिची पेटी फुटते. सबब, जे करावयाचे ते घरच्या शेडमध्ये, निघण्यापूर्वी करावे लागते.

सर्वांत अधिक लक्ष तेलाकडे द्यावे लागते, कारण येथे ते जळून जात नाही. महिनोन्‌महिने तेच तेल फिरत राहते. आपल्या मोटारसायकलींत पुष्कळदा २०-डब्ल्यू-४० जातीचे तेल असते. ते उणे ३० अंशांत घट्ट होऊन बसेल आणि इंजिन फिरूच देणार नाही. बर्फाच्या गाडीला ०-डब्ल्यू-३० किंवा ०-डब्ल्यू-४० असे कृत्रिम तेल लागते. त्यातील ०-डब्ल्यू या खुणेचा अर्थ, उणे ३५ अंशांतही इंजिन फिरू देईल इतके ते पातळ राहते. तेल मोजण्याचीही एक रीत आहे. यामाहाच्या गाड्यांप्रमाणे ज्यांत तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी असते, त्यांत थंड इंजिनावर पट्टी बुडवून पाहिली तर तेल कमी दिसते, कारण त्यातले काही खाली इंजिनात उतरलेले असते. नवशिका त्यात भर घालतो आणि जादा झालेले तेल हवेच्या पेटीत जाऊन बसते. इंजिन चांगले तापवावे, थोडा वेळ मंद चालवून बंद करावे, आणि मगच पट्टी पाहावी. नेमकी रीत त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

या इंजिनाचा खरा शत्रू मात्र थंडी नव्हे, पाणी होय. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातली बरीचशी वाफ धुराड्यातून जाते, पण थोडी पिस्टनच्या कड्यांवरून निसटून खाली तेलात उतरते. इंजिन पुरते तापले तर ती उडून जाते. दहा मिनिटांच्या फेऱ्या मारून गाडी पुन्हा पुन्हा थंड होऊ दिली, तर तेथेच तिचे पाणी होते, सोबत कच्चे पेट्रोलही साचते, आणि तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा फेस दिसू लागतो. हा फेस पाहून घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही करू नये. गार ठेवणाऱ्या द्रवाची पातळी कायम असेल तर तो केवळ साचलेला दमटपणा आहे. गाडी लांबवर फिरवून आणावी व तेल बदलावे. ती पातळी उतरत असेल तर हेड-गॅस्केट गेले असण्याचा संशय घ्यावा. हीच वाफ इंजिनाच्या श्वासनळीत गोठली तर आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. म्हणून कारागीर सील बदलण्याआधी ती नळी मोकळी आहे का, ते पाहतो. नाहीतर नवे सीलही आठवडाभरात गळू लागेल.

व्हॉल्व्हचे अंतर थंड इंजिनावर फीलर गेजने मोजतात. हिशेब मिलिमीटरच्या शतांश भागांचा असतो. खडखडणारा व्हॉल्व्ह निदान ऐकू तरी येतो. अंतर कमी झालेला व्हॉल्व्ह गप्प असतो, नीट मिटत नाही, दाब गळतो, आणि ऐन थंडीच्या सकाळी गाडी चालू होत नाही.

इंजिन तापू द्यावे म्हटले, तरी त्याला गार ठेवण्याचीही एक गोम आहे. बहुतेक गाड्यांना मोटारीसारखा पुढे रेडिएटर नसतो. ट्रॅकने उडवलेला बर्फ वरच्या नळ्यांवर आदळतो आणि आतला द्रव गार होतो. बर्फाने कडक झालेल्या गुळगुळीत रस्त्यावर उडायला भुसभुशीत बर्फच नसतो. मग इंजिन तापते, आणि ट्रॅक ज्यावरून सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्याही वितळू लागतात. यावर तोडगा म्हणून रुळांना तारेचे आकडे लावतात. ते बर्फ खरवडून वर उडवतात. द्रव पाणी व ग्लायकॉल यांच्या समभाग मिश्रणाचा असावा. तो उणे ३७ अंशांपर्यंत तग धरतो.

क्लचमधला बेल्ट झिजतो, चकाकू लागतो. एक जादा बेल्ट बैठकीखाली असावाच. बेल्ट काढलेला असताना मात्र इंजिन चालू करू नये. रात्री गाडी फळ्यांवर उभी करावी, म्हणजे ट्रॅक जमिनीला चिकटून गोठत नाही. सकाळी चालू करण्यापूर्वी थ्रॉटलची कळ दाबून, ती आपोआप मागे येते की नाही, ते पाहावे. केबल गोठलेली असेल तर गाडी सुटेल ती थांबायची नाही.

यामाहाने २०२३ साली या धंद्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. उत्तर अमेरिकेसाठी तिचे शेवटचे नमुने २०२५ चे होते. त्यामुळे वापरात असलेल्या तिच्या गाड्यांची मदार यापुढे गावोगावच्या कारागिरांवर आणि जपून ठेवलेल्या सुट्या भागांवर अधिक राहील. वसंत ऋतूत अशी गाडी शेडमध्ये लावताना जुने तेल ताबडतोब बदलावे, कारण त्यातले आम्ल व पाणी उन्हाळाभर बेअरिंग खात बसते. पेट्रोल टिकवणारे द्रव्य टाकीत घालून इंजिन थोडे चालवावे. बॅटरी काढून घरात न्यावी व अधूनमधून भरावी. आणि हवेच्या पेटीचे तोंड जाळीने बंद करावे. उंदरांना घरटे करायला याहून उबदार जागा सापडत नाही.