टीबी, साखर आणि डोक्यातला गोंधळ

मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट. म्हणूनच सरकारी क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाची साखरही तपासतात. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकडा आला म्हणून लगेच कायमचा मधुमेह ठरवू नये. संसर्गाच्या ताणानेही साखर चढते आणि उपचार लागू पडल्यावर उतरू शकते. पुन्हा तपासणी हवीच.

खरी गुंतागुंत गोळ्यांची. लघवी केशरी करणाऱ्या रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे यकृत साखरेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, लवकर निकालात काढतं. साखर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात. टीबीचा कोर्स संपल्यावर तो डोस कमी करायचा राहिला, तर साखर एकदम पडू शकते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. घरचे वयाला दोष देतात: ‘आजोबांना हल्ली भ्रम होतो.’ आधी ग्लुकोमीटर काढा!

अर्थात गोंधळ दरवेळी साखरेचाच नसतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत वापरलं जाणारं सायक्लोसेरिन नैराश्य, भास घडवू शकतं. ताप, डोकेदुखी, उलट्या आणि हरपत चाललेलं भान एकत्र दिसलं, तर मेंदूच्या आवरणाच्या क्षयाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.