शून्य म्हणजे सारे ठीक?

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला आवाज थांबल्याचे चटकन कळते. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी सोय मागातच असते. ती बिघडली तर माग चालूच राहतो आणि चादरीत विरळ पट्टा पडतो. धागा तुटणारच, तुटल्याचे कळले नाही की माल वाया जातो. लिनक्स कर्नलचा कोड तपासताना मला या मागाची वारंवार आठवण येते.

कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. स्मृती कोणाला द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, कोणत्या प्रोग्रामची पाळी कधी, हे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेला हा कर्नल आज अँड्रॉइड फोनांतही आहे. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नल चुकला तर सारे यंत्र बंद पडते, किंवा चुकीची माहिती घेऊन निमूट चालत राहते. हे दुसरे अधिक वाईट.

हा कोड बव्हंशी सी भाषेत आहे आणि सीमध्ये चूक आपणहून ओरडत नाही. फंक्शन एक आकडा परत देते. तो पाहणे हे बोलावणाऱ्याचे काम. संकेत असा की काम झाले तर शून्य, फसले तर ऋण आकडा. उणे १२ म्हणजे स्मृती शिल्लक नाही, उणे २२ म्हणजे दिलेली माहितीच अयोग्य. पण ‘हे उपकरण जोडलेले आहे का?’ असे विचारणाऱ्या फंक्शनमध्ये शून्याचा अर्थ ‘नाही’ होतो. म्हणून कर्नलच्या लेखननियमांनी नावावरच भेद ठेवला: नाव आज्ञार्थी असेल तर चुकीचा आकडा, प्रश्नार्थी असेल तर होय-नाही.

दुसरा संकेत आवरण्याचा. ड्रायव्हरने आधी स्मृती घेतली, मग इंटरप्ट नोंदवला आणि तिसऱ्या पायरीवर काम फसले, तर आधीचे दोन्ही उलट्या क्रमाने सोडायचे. पाठ्यपुस्तकांनी वाळीत टाकलेली ‘गोटू’ ही आज्ञा इथे मानाने नांदते. माझ्या पहिल्याच पॅचमध्ये हा क्रम चुकला होता. चाचण्या सगळ्या पार पडल्या होत्या, कारण माझ्या यंत्रावर तिसरी पायरी कधी फसलीच नव्हती. तपासणाऱ्याने एवढेच विचारले, ‘‘हे फसले तर आधीचे कोण सोडणार?’’

असल्या ओळी क्वचितच चालतात, म्हणून त्यांवरून नजर घसरते. हे ओळखूनच नोव्हेंबर २००३ मध्ये कोणीतरी कर्नलच्या एका सार्वजनिक प्रतीत दोन ओळी घुसवल्या. वरवर ती चुकीची तपासणीच होती: दोन विशिष्ट पर्याय एकत्र आले आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असला, तर ‘माहिती अयोग्य’ असे कळवा. मात्र तुलनेसाठी लागणाऱ्या दोन बरोबर चिन्हांऐवजी तिथे एकच होते. त्यामुळे क्रमांक तपासला न जाता शून्य केला जात होता, आणि शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. कंपायलरने अशा जागी इशारा देऊ नये म्हणून भोवती जादा कंसही घातला होता.

मूळ भांडाराशी ताळा जुळला नाही म्हणून हा बदल उघड झाला आणि मुख्य कर्नलमध्ये तो गेलाच नाही. घुसवणारा कोण, हे जाहीर झाले नाही.

कर्नलमध्ये बदल तपासणाऱ्याचे नाव त्या बदलाखाली कायमचे राहते. माझे नाव देण्यापूर्वी मी यशाची वाट शेवटी वाचतो. आधी प्रत्येक फसण्याच्या जागी थांबतो आणि मला विचारला गेलेला तोच प्रश्न विचारतो.