कार्यप्रक्रियेच्या आकृत्या आणि त्यांची परीक्षा

पदवी हाती आली, आता पुढे काय, हा प्रश्न आपल्या अनेक घरांत दरवर्षी उभा राहतो. संगणक क्षेत्र हे केवळ अभियंत्यांचे, असा समज असल्याने कला व वाणिज्य शाखेचे पदवीधर तिकडे फिरकतही नाहीत. वास्तविक या क्षेत्रात असे एक काम आहे, की ज्याचा पाया प्रोग्राम लिहिणे हा नाही. कचेरीतले काम कोणाकडून कोणाकडे जाते, कोणत्या अटीवर पुढे सरकते आणि कोठे अडते, हे समजून घेऊन आकृतीत मांडणे, हे ते काम होय. यालाच बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग म्हणतात. या विषयाच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी कशी करावी, याची माहिती विद्यार्थी व पालक यांच्यासाठी येथे देत आहे.

कल्पना तशी जुनी आहे. फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाचे टप्पे दाखविणारे तक्ते मांडले होते. पुढे ज्याची त्याची चिन्हे वेगळी झाली. एकाची आकृती दुसऱ्याला कळेना. म्हणून २००४ मध्ये बीपीएमएन नावाची समान चिन्हलिपी तयार झाली. २००५ पासून तिचा सांभाळ ओएमजी ही संस्था करते. २०११ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली व २०१३ मध्ये तिला आयएसओ १९५१० हा आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

परीक्षा दोन प्रकारच्या असतात. एक, विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरची. दुसरी, चिन्हलिपी व प्रक्रिया-व्यवस्थापन या विषयाची. ओएमजीची ओसीईबी ही दुसऱ्या प्रकारातली. तिचा पहिला टप्पा फंडामेंटल हा असून त्यानंतर व्यवसाय व तंत्र अशा दोन वाटा फुटतात. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलतात, चिन्हलिपी मात्र बराच काळ टिकते. म्हणून सुरुवात चिन्हलिपीपासून करावी, हे उत्तम.

मूळ चिन्हे थोडी आहेत. वर्तुळ म्हणजे घटना. एकेरी बारीक रेषेचे वर्तुळ आरंभ दाखविते, दुहेरी रेषेचे मधली घटना आणि जाड रेषेचे शेवट. गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम. शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह म्हणजे गेटवे, अर्थात वाटा फुटण्याची वा मिळण्याची जागा. मोठा आडवा पट्टा म्हणजे पूल. तो एका संस्थेचा किंवा पक्षाचा. त्यातील उपपट्टे म्हणजे लेन. त्या त्या खात्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या.

गृहकर्जाच्या अर्जाचे उदाहरण घेऊ. अर्जदाराचा एक पूल व बँकेचा दुसरा. बँकेच्या पुलात लिपिक, कर्ज अधिकारी व शाखाधिकारी अशा तीन लेन. अर्ज आला की प्रक्रिया सुरू होते. लिपिक कागदपत्रे तपासतो. पुढे गेटवे येतो: कागद पूर्ण आहेत की अपूर्ण? दोहोंपैकी एकच वाट खरी, म्हणून चिन्हात फुली. अपूर्ण असल्यास अर्जदाराला निरोप जातो. हा निरोप तुटक रेषेने दाखवितात, कारण तो एका पुलातून दुसऱ्या पुलात जातो. अखंड रेषेने पुलाची हद्द ओलांडता येत नाही. परीक्षेत हा नियम पक्का हवा. कागद पूर्ण असल्यास उत्पन्नाची पडताळणी व मालमत्तेबाबत वकिलाचे मत ही दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. म्हणून अधिक चिन्हाचा गेटवे. दोन्ही अहवाल आले की तशाच दुसऱ्या गेटवेशी वाटा मिळतात आणि प्रकरण शाखाधिकाऱ्यांकडे जाते.

येथेच बहुतेक विद्यार्थी चुकतात. पूर्वी बँकेत पैसे काढताना पितळी टोकन मिळत असे. या आकृत्यांतही असेच एक काल्पनिक टोकन वाटेने फिरते असे समजावे. अधिक चिन्हापाशी एकाची दोन टोकने होतात. ती पुन्हा अधिक चिन्हापाशीच एकत्र केली पाहिजेत. तेथे फुलीचा गेटवे काढला, तर प्रत्येक टोकन स्वतंत्रपणे पुढे जाईल व शाखाधिकाऱ्यांचे काम दोनदा होईल. उलट, फुलीने फुटलेल्या वाटा अधिक चिन्हाने जोडल्या, तर दुसऱ्या टोकनाची वाट पाहत प्रकरण कायमचे अडून राहील. प्रश्न सोडविताना बोटाने टोकन फिरवून पाहण्याची सवय लावावी; निम्मे प्रश्न सोपे वाटू लागतील.

तयारीसाठी रोज एक तास याप्रमाणे दोन ते तीन महिने धरावेत. पहिले तीन आठवडे चिन्हे व नियम. ओएमजीचा मूळ दस्तऐवज पाचशेहून अधिक पानांचा असून तो विनामूल्य मिळतो. सगळा पाठ करण्याची गरज नाही, शंका आल्यास तो उघडावा. पुढचे तीन-चार आठवडे फक्त आकृत्या काढाव्यात. रेशनकार्डात नाव घालणे, शिष्यवृत्तीचा अर्ज, ग्रंथालयातून पुस्तक घेणे, असे आपल्या माहितीतले विषय घ्यावेत. प्रथम कागदावर मराठीत काढावे, मग बीपीएमएन डॉट आयओ किंवा कामुंडा मॉडेलर यांसारख्या विनामूल्य साधनावर इंग्रजी शब्दांत. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना याचा दुहेरी लाभ होतो: विषयही कळतो व शब्दही बसतात. उरलेल्या काळात उद्दिष्टे, गुणवत्ता, मोजमाप व नियंत्रण हे भाग वाचावेत. ओसीईबीमध्ये चिन्हांखेरीज हेही विचारतात. शेवटी घड्याळ लावून सराव करावा. चार-पाच जणांनी मिळून एकमेकांच्या आकृत्या तपासल्यास चुका लवकर सापडतात.

पैशाबाबत सावध राहावे. फी भरण्यापूर्वी परीक्षेची आवृत्ती, अभ्यासक्रम व शुल्क ही माहिती मूळ संस्थेकडूनच घ्यावी. हमखास पास किंवा हमखास नोकरी असे सांगणाऱ्या क्लासपासून दूर राहावे. फुटलेले प्रश्नसंच विकत घेणे हे अप्रामाणिक आहे व निरुपयोगीही. मुलाखतीत फळ्यासमोर उभे केले, की पाठांतर उघडे पडते.

प्रमाणपत्राने नोकरी मिळतेच असे नाही. मुलाखतीचे दार मात्र किलकिले होऊ शकते. म्हणून आधी स्वतः काढलेल्या दहा चांगल्या आकृत्यांची वही तयार करावी आणि मगच परीक्षेचे शुल्क भरावे. ती वही पूर्ण करण्यात गोडी वाटली, तर हा मार्ग आपला आहे असे समजावे. कंटाळा आला, तर घरचे पैसे वाचले. दोन्हींत लाभच आहे.