प्रेमाची आज्ञा आणि मराठी कीर्तन

प्रेम आज्ञेने उपजते काय? यहुदी लोक सकाळ-संध्याकाळ ‘शमा’ म्हणतात. देवावर सर्व अंतःकरणाने, जिवाने व बळाने प्रीती करावी, अशी आज्ञा तीत आहे. भावना हुकमाने येत नाही, हे त्यांचे आचार्यही जाणत. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने उलगडा केला : जितके ज्ञान, तितके प्रेम. म्हणजे आज्ञा अभ्यासाची. प्रेम हे त्याचे फळ.

कोकणातील बेने इस्राएलांपुढे पेच निराळाच होता. शब्बाथला तेलाचे घाणे बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ शमा विसरले नव्हते. पण हिब्रू दुरावली होती. पाठ होता, अर्थ नव्हता. १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांनी मराठी कीर्तनाचा मार्ग धरला. साकी, दिंडी, अभंग आपलेच; आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे. हिब्रू न जाणणाऱ्यांनाही आता कथा कळू लागली.

धाराशिव जिल्ह्यात तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. तिथल्या श्रोत्याला हा मार्ग परका वाटणार नाही. विठ्ठलाचे रूप डोळ्यांपुढे आणता येते; यहुद्यांच्या देवाला मूर्ती नाही. त्यामुळे तिथे प्रेमाची सारी भिस्त शब्दावर, आणि शब्द कळण्यावर.