बदलीची नर्स आणि तिचा खरा हिशेब

एखादा कारागीर अचानक आला नाही की आम्ही धंदेवाले बदली माणूस आणतो, थोडी जास्त मजुरी देतो आणि दिवस निभावतो. पण वर्षभर बदलीवरच कारखाना चालवायचा म्हटले तर? अमेरिकेतील अनेक नर्सिंग होम याच फेऱ्यात अडकली आहेत. तिकडे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे इस्पितळ नव्हे. आजारी वृद्ध माणसे महिनोन्महिने राहतात ती जागा.

एजन्सी तेथे नर्स व आया पुरवते आणि तासावर बिल लावते. उदाहरणादाखल, कायम नर्स तासाला ४० डॉलरला पडत असेल तर एजन्सीचे बिल ६० डॉलरचे धरा. वरच्या २० डॉलरमध्ये एजन्सीचे कमिशन आले. पण नर्सच्या हातीही काही जादा पडते. ते पाहून कायम नर्स राजीनामा देते व एजन्सीत नाव नोंदवते. जागा रिकामी, पुन्हा एजन्सीलाच फोन! बदलीची नर्स पसंत पडली, तिला कायम ठेवू म्हटले, तर पुष्कळ करारांत एजन्सीला त्याचीही रक्कम मोजावी लागते.

बिलात न दिसणारा तोटा याहून मोठा. कोणत्या आजोबांना पातळ पाण्याने ठसका लागतो, कोण रात्री उठून भटकते, कोणाला वेळेवर कुशीवर वळवले नाही तर पाठीला जखमा होतात, हे रोजच्या नर्सला ठाऊक; आज आलेलीला नाही. शिवाय ती आज येथे, उद्या तेथे. २०२० च्या आरंभी वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंडच्या नर्सिंग होममध्ये कोरोनाची साथ आली. ती आसपासच्या संस्थांत जाण्यास एकाहून अधिक ठिकाणी काम करणारे कर्मचारीही कारण झाले, असे सरकारी तपासात दिसले. अर्थात, दोन ठिकाणी राबणाऱ्याला एका पगारात भागत नसते, हेही खरे.

मॅसॅच्युसेट्स व मिनेसोटा राज्यांनी नर्सिंग होमसाठी एजन्सीच्या दराला कमाल मर्यादा घातली आहे. २०१६ पासून अमेरिकी सरकार नर्सिंग होमची हजेरी मागवते. त्यात कायम व कंत्राटी तास वेगळे दाखवावे लागतात. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २०२३ मध्ये सरकारी आरोग्यसेवेतील एजन्सीची माणसे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा कायदा केला. काही भागांत मुदत वाढवावी लागली. सवय एका दिवसात सुटत नाही.

आपल्याकडेही ब्यूरोच्या सिस्टर सर्रास असतात. वडिलांना कोठे ठेवण्यापूर्वी रात्रपाळीची सिस्टर कायमची की ब्यूरोची, एवढे जरूर विचारावे.