तारांचे रंग आणि जुना रेडिओ

आमच्या माजघरांतील कोनाड्यांत वडिलांच्या वेळचा एक अमेरिकन बनावटीचा रेडिओ कित्येक वर्षें मुका होऊन बसला होता. गेल्या चातुर्मासांत माझ्या पुतण्यानें तो पुनः बोलका करण्याचा संकल्प सोडला. मुलगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. हातांत हत्यारें आणि मनांत उत्साह, दोन्ही भरपूर. मागची फळी काढून एक सुटलेली तार दाखवीत तो म्हणाला, "काका, हें तर सोपें आहे. हिरवी तार म्हणजे अर्थिंग. ती पत्र्याला जोडली कीं झालें." मीं त्याचा हात धरला. न धरतों तर काय झालें असतें, तें पुढें सांगतों.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असें मीमांसक मानतात. तो संकेतानें ठरतो असें नैयायिक म्हणतात. शब्दांपुरता हा वाद विद्वानांकडे सोपवूं. तारांच्या रंगांविषयीं मात्र नैयायिकांचेंच म्हणणें खरें. हिरव्या रंगांत भूमीचा कोणताही गुण मुळांत नाहीं. संकेत कोणीं, कोठें व केव्हां केला, यावरच त्याचा अर्थ अवलंबून असतो.

आपल्या घरांच्या वायरिंगमध्यें तांबडी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, हा इंग्रजी पद्धतीचा वारसा होय. खुद्द इंग्लंडांत २००६ सालापासून नव्या वायरिंगमध्यें तांबडीची जागा तपकिरी तारेनें व काळीची निळ्या तारेनें घेतली आहे. अमेरिकेंत काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. जर्मनींत तर १९६५ पर्यंत तांबडी तार अर्थिंगची असे! म्हणजे इंग्लंडांत जी मारणारी, तीच जर्मनींत तारणारी.

हें झालें भिंतींतील तारांविषयीं. रेडिओच्या पोटांतील भाषा आणखी निराळी. १९२४ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशननें ट्रान्सफॉर्मरच्या तारांचे रंग ठरविले ते असे: बाहेरची वीज आंत घेणाऱ्या तारा काळ्या, उच्च दाबाच्या तांबड्या, त्यांच्या मध्यबिंदूची तांबडी-पिवळी, रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या तंतूच्या पिवळ्या, आणि इतर व्हॉल्व्हच्या तंतूंना बहुधा ६.३ व्होल्ट पुरविणाऱ्या हिरव्या. तेव्हां घरच्या संकेतावर विसंबून जो येथें तांबडी तार मेन्सला जोडील, तो रेडिओ जाळून बसेल.

आम्हीं पेठेतील एका वृद्ध रेडिओ-कारागिरास बोलाविलें. प्लग काढलेला होताच. तरी कंडेन्सरांत सांठून राहिलेली वीज एका रेझिस्टरवाटे निचरून मगच ते मीटर घेऊन बसले. ती हिरवी तार ना अर्थिंगची निघाली, ना तंतूंची. ती उच्च दाबाच्या कंडेन्सरपासून आली होती, आणि तिचें दुसरें टोंक आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरून निसटलेलें होतें. पूर्वी केव्हां तरी कोणा दुरुस्ती करणाऱ्यानें हाताशीं असलेला तुकडा लावून वेळ भागविली होती. रेडिओ चालूं असतां त्या तारेवर सुमारें २५० व्होल्टांचा दाब. पत्र्याला जोडली असती, तर रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही गमावलें असतें; चालूं रेडिओंत तें उघडें टोंक हाताला लागतें, तर त्याहून मोठें मोल द्यावें लागलें असतें. पुतण्या कांहीं वेळ बोलला नाहीं.

अशा कामास हात घालणाऱ्यांनीं ध्यानांत धरावें कीं, रंग ही केवळ साक्ष आहे, निर्णय मीटरचा. त्यांतही साक्षीदार वृद्ध! उष्णतेनें व धुळीनें तांबडा, नारिंगी आणि तपकिरी हे रंग कालांतरानें एकसारखे दिसूं लागतात. मूळ रंग पाहावयाचा तर जेथें उजेड पोंचला नाहीं अशा जागीं, म्हणजे पट्टीखालीं किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आवरणाच्या तोंडाशीं, पाहावा. मात्र तार वांकवूं नये, कारण जुनें रबर चुरा होऊन गळतें. तारा कापण्यापूर्वीं आकृति काढावी, प्रत्येकीस कागदी चिठ्ठी बांधावी, आणि एका वेळीं एकच तार बदलावी. ज्या रेडिओंत मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यांत बहुधा खालचा पत्राच मेन्सच्या एका तारेशीं जोडलेला असतो. अशा रेडिओस जाणत्या मनुष्यावांचून कोणीही हात लावूं नये.

आमचा रेडिओ आतां बोलतो. सायंकाळीं वहिनी त्याजवळ वाती वळीत बसतात. त्याच्या फळीच्या आंतल्या बाजूस पुतण्यानें एक कागद चिकटविला आहे. कोणती तार कोणत्या रंगाची, कोठून कोठें जाते आणि केव्हां बदलली, हें त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलें आहे. पन्नास वर्षांनीं ती फळी जो कोणी उघडील, त्यास आमचा संकेत तरी कळेल.